मागच्या पायरीवर

२०६१ साली गावच्या दवाखान्यात सवय पुसणारं यंत्र आलं आणि सारिकाअक्कांनी दातांना मशेरी लावायची सवय पुसून घेतली. सवयीला चिकटलेलं बाकीचंही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या सकाळी धाकटी जाऊ प्रणिता मागच्या पायरीवर जीव मुठीत धरून बसली होती. मशेरी लावता लावताच दोघी मनातलं बोलत. आज तिला छातीत हाताला लागलेली गाठ अक्कांनाच सांगायची होती.

अक्का दारातूनच म्हणाल्या, "काय गं, काही हवंय?"

"बसा ना."

"कशाला? चहा उतू जाईल."

प्रणितानं त्यांचा पदर धरला. "सवय गेली ना, मग मुद्दाम बसा!"

अक्का पाहुणीसारख्या टेकल्या.

प्रणितानं गाठीचं सांगून टाकलं. गाठ वेळेत काढली गेली, प्रणितानं सत्तरी पाहिली. अक्का नव्वदीपर्यंत जगल्या, त्याही सगळ्या दातांनिशी. रोज सकाळी त्यांना हाक मारावी लागे, आणि रोज त्या येऊन बसत.