आधी कोण जाणार?

उल्का सनीव्हेलजवळच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत गोष्टी रचायची. सध्याच्या फिल्ममध्ये दोन जिवलग मैत्रिणी होत्या. मध्यावर त्यांचं कडाक्याचं भांडण होतं आणि शेवटी त्या पुन्हा एक होतात. तो शेवट काही केल्या जमत नव्हता, म्हणून रविवारी दुपारी तिनं अकरा वर्षांच्या लेकीला, सईला, कच्ची चित्रं दाखवली. सईचं आणि दोन मैलांवर राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीचं, मॅडीचं, बोलणं बंद झालंय, हे उल्काला ठाऊक होतं. पण तो विषय तिनं काढला नाही.

सईनं सगळं मन लावून पाहिलं. शेवटी दोघी मैत्रिणी दोन बाजूंनी धावत येत होत्या आणि पुलावर एकमेकींना मिठी मारत होत्या.

"दॅट्स सो फेक, आई," सई म्हणाली. "दोघींना एकदमच कसं सुचेल? कुणातरी एकीला आधी जावं लागतं ना?"

उल्का त्या चित्राकडे बघतच राहिली. "खरंय गं," ती म्हणाली. "मग एकीला आधी पाठवूया."

सईनं पुलावरचं चित्र परत हातात घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, "पण ती गेली, आणि समोरचीनं दारच नाही उघडलं तर?"

उल्कानं चित्रं बाजूला सारली आणि गाडीची किल्ली उचलली.

"तर मी बाहेर गाडीत बसलेली असेन."