निर्जन अरण्यातलं धुणं

फोटोखाली छापायची ओळ ठरलेली होती: ‘या निर्जन डोंगररांगेत पाऊल ठेवणारा पहिला माणूस’. पण संग्रहालयात जुने फोटो साफ करणाऱ्या बाईंना त्या थोर शोधकाच्या मागे, झाडाला बांधलेल्या दोरीवर, कुणाचं तरी धुणं वाळताना दिसलं.

संचालकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “पुसून टाका.”

“आणि हा चुलीचा धूर?”

“त्याचं धुकं करा. निसर्गसौंदर्यात भरच पडेल.”

बाईंनी कॉम्प्युटरवर चादरी पुसल्या, झबली पुसली, दोरी पुसली. चौकड्यांच्या शर्टापाशी येताच संचालक घाईघाईने म्हणाले, “त्याला हात लावू नका. तो शोधकसाहेबांचा ऐतिहासिक शर्ट आहे. खाली काचेच्या कपाटात मांडलाय आपण.”

“पण साहेब, दोरी तर...”

“सांगितलं तेवढं करा.”

बाईंनी सांगितलं तेवढंच केलं. उद्घाटनाला आलेले पाहुणे भिंतभर फोटोसमोर माना डोलावत उभे राहिले. घनदाट झाडी होती, धुकं होतं, दुसऱ्या माणसाचा मागमूस नव्हता. आणि पहिल्या माणसाचा शर्ट, आपला आपण धुऊन निघालेला, दोन चिमट्यांसकट अधांतरी वाळत होता.