यंदाचा नाताळ इथंच

"नाही म्हणजे नाही," कल्पनाबाईंनी फोन ओट्यावर तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला. "यंदाचा नाताळ मी इथंच करणार."

पडद्यावर डब्लिनमधल्या सुरजनं कपाळाला हात लावला. "आई, गेल्या वर्षीचा व्हिसा अजून चालतोय. तिकीट काढायला तुला माझी गरज लागत नाही. मग अडतंय कुठं?"

अडत कुठंच नव्हतं आणि सगळीकडंच अडत होतं. गेला नाताळ त्यांनी मुलाकडं केला होता. सकाळी उपासना झाली, लोकांनी हात मिळवले आणि गाड्यांत बसून निघून गेले. दिवसभर दाराची बेल म्हणून वाजली नाही. दुकानं बंद, बस बंद. कल्पनाबाई हौसेनं करंज्या घेऊन शेजारी गेल्या, तर शेजारीण आधी विचारते काय, यात सुकामेवा कोणता आहे. सणाच्या दिवशी असं परक्यासारखं बसून राहण्याचा त्यांनी मनापासून धसका घेतला होता.

पण त्याच घरात इरा होती. सहा वर्षांची नात, आजीच्या कानाची पाळी धरून झोपणारी. इथं परत आल्यावर कितीतरी दिवस कल्पनाबाईंचा हात आपोआप कानाकडं जायचा.

बंगळूरच्या जयनगरातल्या या घरात यजमान विश्वासराव गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. तरी नाताळला चर्चच्या मराठी मंडळीतली माणसं गाणी म्हणत यायची, जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. त्यांना नातही हवी होती आणि तो ढीगही. आता दोन्ही एकदम कुठून आणायचं?

"तुम्हीच या की इकडं," त्या म्हणाल्या.

"बघू," म्हणत सुरज वैतागून उठला. त्याची जागा इरानं घेतली. तिनं पडलेला दात दाखवला, नव्या शाळेचं दप्तर दाखवलं. आजीनं कौतुक केलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"येते हं सोन्या," म्हणत कल्पनाबाई उठल्या. इरानं टाळ्या पिटल्या आणि ती सोफ्यावर उड्या मारायला लागली. या पोरीला कशाचाही आनंद होतो, असं म्हणत त्यांनी फोन बंद केला.

पुढच्या रविवारी सुरजचा नूर पालटलेला होता. 'ये' म्हणून एकदाही म्हणाला नाही. उलट गालातल्या गालात हसत होता.

"करंज्या किती करतेयस?" त्यानं विचारलं.

कल्पनाबाईंच्या मनात चमकलं. हे गुलाम इकडं येतायत आणि मला पत्ता लागू देत नाहीत. त्यांनीही साळसूद चेहरा केला. "तुम्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या."

"अस्सं. आणि गरम कपडे काढलेस का?"

"काढले. थंडी आहे ना."

मागून सून प्रियदर्शनी म्हणाली, "आई, इरा आत्तापासूनच पलंगाच्या कडेला झोपायची सवय करतेय." सुरजनं तिला डोळ्यांनी दटावलं. कल्पनाबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग त्यांनी बंद खोली उघडली, गाद्यांना ऊन दिलं, पडदे धुतले. खालच्या मजल्यावरची गंगव्वा चकल्या तळायला आली.

"अक्का, मगा येतोय काय?" तिनं कन्नडमिश्रित मराठीत मुलाबद्दल विचारलं.

"मला कुठं माहीत?" म्हणताना कल्पनाबाईंना हसू आवरेना.

"सरी, सरी. मग स्वल्प जास्तच करू."

अनेक वर्षांनी त्या घरात कुणीतरी गुणगुणत होतं. आपण हट्ट धरला ते बरं झालं, असं कल्पनाबाईंना वाटलं. पोरं शेवटी घराकडंच वळतात. आता त्यांनाच चकित करायचं, असा बेतही त्यांनी मनाशी पक्का केला.

नाताळच्या आधीच्या फोनवर सुरजनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "चोवीसला दुपारी घरी आहेस ना?"

"चोवीसला मी घरी नसेन," त्या म्हणाल्या.

सुरज खो खो हसला. "हो, ते माहीत आहे मला." म्हणजे आईचा बेत त्यानं ओळखला होता तर. कल्पनाबाईही हसल्या. पुढचं कुणीच काही बोललं नाही. बोललं असतं तर मजा गेली असती.

चोवीसला त्यांनी जांभळी रेशमी साडी नेसली, त्यावर विश्वासरावांची शाल घेतली आणि टॅक्सीनं विमानतळ गाठला. गेल्या वर्षी त्या ज्या विमानानं परतल्या होत्या ते दुपारीच उतरायचं, तेव्हा मुलंही त्यानंच येणार. बाहेर पडायच्या दारासमोर कठड्याला रेलून त्या उभ्या राहिल्या. माणसं सामान ढकलत बाहेर येत होती, गळ्यात पडत होती. लहान मुलगी दिसली की कल्पनाबाई टाचा उंचावायच्या.

गर्दी ओसरली. फोन वाजला. सुरजच होता.

"आई, बाहेर आलीस का? आम्ही दारासमोरच आहोत."

"अरे, मीही दारासमोरच आहे की," त्यांनी हात उंचावला. "मघापासून वाट बघतेय. दिसत कसे नाही तुम्ही?"

"कॉफीच्या दुकानापाशी बघ. इरा लाल टोपीत आहे."

कॉफीचं दुकान त्यांच्या उजव्या हातालाच होतं. तिथं दोन वैमानिक उभे होते. त्यांनी मान वळवून वळवून पाहिलं.

"तू तिला 'येते' म्हणालीस ते गुपित इरानं त्याच दिवशी फोडलं होतं बरं का," सुरज हसत म्हणाला. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"माझं कसलं गुपित? गुपित तर तुमचं."

एक टॅक्सीवाला जवळ आला. "मॅडम, टॅक्सी बेका?"

"बेडप्पा," कल्पनाबाईंनी त्याला हातानंच नको म्हणून खुणावलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडून सुरजनं अगदी हळू विचारलं,

"आई, इथं डब्लिनला तुला कन्नडमधून टॅक्सी कोण विचारतंय?"