बंद दारांचा रोल

चौथ्या रोलच्या शेवटी तिचं स्वतःचं दार निघालं. एकदा नाही, तीनदा.

निगेटिव्ह वाळली होती. तिने भिंग लावून पुन्हा पाहिलं. पांढऱ्याचं काळं नि काळ्याचं पांढरं वाचायची सवय तिच्या डोळ्यांना बावीस वर्षांची. कडीखालचा पोचा, पाटीचा उडालेला कोपरा. शंकाच नको.

ती डार्करूममधून तणतणत बाहेर आली. "मी म्हटलं नव्हतं? हा माणूस सरळ नाही. चार रोल धुतले त्याचे. एक माणूस नाही, झाड नाही, मांजर नाही. नुसती बंद दारं!"

"अहो बाई, नवशिके असेच," स्टुडिओचे मालक म्हणाले. "गेल्या महिन्यात एकाने छत्तीसच्या छत्तीस फोटोंत स्वतःचा अंगठा काढला. त्याला काय अंगठेचोर म्हणायचं?"

"अंगठा कुणाच्या घरात शिरत नाही."

मालक हसले. ती हसली नाही. मागच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत कुलूप फुटलं होतं, आणि ते दार याच माणसाच्या दुसऱ्या रोलमध्ये होतं.

दिसायला गरीब गाय. साठी उलटलेला, काटकुळा, गुडघ्यांनी जरा वाकलेला. जुन्या मालाच्या कपाटातला सगळ्यात स्वस्त कॅमेरा त्याने नेला होता. प्लास्टिकचा, शिकाऊ लोकांचा. डोळा लावायचा आणि खटका दाबायचा. तो दोन्ही हातांत असा धरायचा, जणू काठोकाठ भरलेली वाटी. रोल न्यायला आला की शाळेच्या निकालाला आल्यासारखा विचारायचा, "आलेत का हो?"

तिने पुन्हा भिंगातून आपलं दार पाहिलं आणि मनातली जुनी पाल चुकचुकली. या दाराने तिला आधीही झोपू दिलं नव्हतं.

तिचा नवरा पहाटे उठून दाराशी जायचा. कडी हळूच निघायची. मग कुजबुज, आणि शेवटी अगदी हलक्या, मायेच्या आवाजात, "जपून हो." ती अंथरुणातून विचारायची, "कोण होतं?" तो म्हणायचा, "कोण असणार? पेपर घेतला." पेपर घ्यायला एवढं बोलावं लागतं? वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून नेमकी त्याच वेळी घरी यायची. पाणी कुठे मुरतंय हे तिला कुणी सांगायला नको होतं. एकदा ती तावातावाने उठली, पण दाराशी पोचेपर्यंत जिन्यात चिटपाखरू नव्हतं. नवरा गेला त्याला दीड वर्ष झालं. आता विचारणार कुणाला?

तिने कात्री घेतली. शेवटची तीन चित्रं कापली आणि एप्रनच्या खिशात टाकली. माझं दार मी कुणाच्या हातात देणार नाही.

तो संध्याकाळी आला. निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडात धरून एकेक चित्र मोजू लागला.

"तेहेतीसच?"

"शेवटचे तीन आले नाहीत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "माझंच काहीतरी चुकलं असेल. हात हलला असेल. म्हणून तर एकाच दाराचे तीन काढले होते, की एक तरी येईल."

"एवढं काय होतं त्या दारात?" तिचा आवाज चढला. मालकांनी वर पाहिलं. "आणि लोकांच्या दारांचं करता काय तुम्ही?"

तो ओशाळला. "भिंतीवर लावणार आहे. तुम्हाला हसू येईल, ताई. एकतीस वर्षं या दारांत पेपर टाकला मी. पहाटे, अंधारात. उजाडायच्या आत सायकल घरी. कुठली पायरी उंच, कुठली कडी सैल, सगळं हाताला पाठ. पण दार दिसतं कसं, ते ठाऊक नव्हतं. आता गुडघ्यांनी काम सोडायला लावलं. म्हटलं, एकदा दिवसाढवळ्या बघून घेऊ."

तिचा आवाज उतरला. "आणि... ते शेवटचं?"

"ते हवंच होतं हो. एकतीस वर्षांत तेवढं एकच दार माझ्यासाठी उघडलं. आतले साहेब उभे असायचे. पेपर हातात घ्यायचे, दोन शब्द बोलायचे. तेही हळू. म्हणायचे, 'आमच्या हिची झोप मोडेल.' त्यांच्या जिन्यातली एक पायरी तुटकी होती. निघताना न चुकता सांगायचे. मग एके दिवशी दार उघडलं नाही. त्यानंतर कधीच नाही."

तो पट्ट्या पाकिटात भरू लागला. तिचा हात खिशात गेला. कापलेला तुकडा बोटांना लागला.

"तुमचा हात हलला नव्हता," तिने तो त्याच्यासमोर ठेवला. "कापला मी."

त्याने तुकडा दिव्यासमोर धरला. मग तिच्याकडे पाहिलं. तुकडा वरच्या खिशात जपून ठेवला, कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि वळला.

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. त्याने पहिलीवर पाय ठेवला, तेव्हा मागून ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "जपून हो."