पाल्याचं काम

प्रयोगशाळेत शलाकानं काचेची बशी उजेडात धरली. बशीत वाढवलेल्या जंतूंवर तिनं दगडीपाल्याच्या अर्कात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. पाल्यात दम असता, तर टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल उमटला असता. पण तिसऱ्या खेपेलाही जंतू टिकलीला अगदी खेटून वाढले होते.

हा पाला तिच्या वडिलांनी, आबांनी गावाहून पाठवलेला. दर सोमवारी ते बांधावरून तो खुडायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि "पोरीच्या अभ्यासाला लागतो" असं भेटेल त्याला सांगायचे. लहानपणी तिच्या फुटलेल्या गुडघ्यांवर त्यांनी हाच पाला चोळून पिळला होता. एकही जखम कधी चिघळली नव्हती.

आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं फोन लावला आणि भडाभडा सांगून टाकलं.

आबा हसले. "अगं, जखम मी आधी साबणानं खसाखसा धुवायचो. तू घर डोक्यावर घ्यायचीस. मग तुला खांद्यावर घेऊन पाला शोधायला निघायचो. शोधता शोधता तुझं रडं थांबायचं. पाल्याचं काम तेवढंच."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"शहरात गेल्यापासून तू पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागितलंस. नाही कसं म्हणू?"

तिनं नुसतं नाक ओढलं.

"बघ, लागली रडायला," आबा म्हणाले. "पाठवू का अजून थोडा?"