वस्तऱ्याखालचा होकार

वस्तरा हनुवटीखाली पोचला आणि सलूनवाल्याने नेहमीप्रमाणे देवाचा विषय काढला.

खुर्चीत वायरमन होता. बारा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि मैत्री त्याहून जुनी. उद्या सकाळी सातला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. घरचे सगळे त्याच्यासमोर उगाचच हसून बोलत होते, त्यामुळे तो जास्तच घाबरला होता. सलूनवाल्याने तर चंगच बांधला होता. आज याला येशूबद्दल सांगितल्याशिवाय खुर्चीतून उठू द्यायचं नाही. उद्याचा काय भरवसा?

"देव कुणालाही टाकून देत नाही," तो म्हणाला. "पटतंय ना?"

"हं," वायरमन ओठ न हलवता म्हणाला.

येशूची सुवार्ता आपापल्या कामाच्या जागी सांगा, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी बजावलं होतं. ते सलूनवाल्याने मनावर घेतलं. मंडळीतले बाकीचे रस्त्यावर पत्रकं वाटायचे आणि लोकांच्या शिव्या खायचे. याच्याकडे खुर्ची होती. खुर्चीतला माणूस वीस मिनिटं उठून जात नाही, वाद घालत नाही, मध्ये तोंड घालत नाही. प्रभूच्या कामाला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडायची नाही, असं तो कॉलर ताठ करून सांगायचा. आजवर साठेक जणांनी त्या खुर्चीत होकार दिला होता. उपासनेला मात्र त्यातला एकही फिरकला नव्हता. लोकांची मनंच कठीण, असं म्हणून हा बाबा आणखी जोमाने सांगायला लागायचा.

आज सकाळी टॉवेल वाळत घालता घालता बायकोने त्याची हवाच काढून घेतली.

"अहो, एक विचारू? गळ्यावर वस्तरा असताना कोणता शहाणा माणूस नाही म्हणेल?"

"माझ्या हातून आजपर्यंत कुणाला साधा ओरखडा आलेला नाही."

"ते तुम्हाला ठाऊक. खुर्चीत बसलेल्याला धाकधूक असणारच की."

तो चहा अर्धाच टाकून दुकानात आला होता. बायकोला काय कळतंय, असं चारदा मनाशी म्हणून झालं होतं. तरी ते वाक्य काही डोक्यातून जात नव्हतं.

आता वायरमनचं "हं" ऐकून त्याने समोर आरशात बघितलं. वायरमनचे डोळे त्याच्या चेहऱ्याकडे नव्हतेच. ते खाली वळले होते, पात्याकडे. मान आखडलेली, श्वास रोखलेला, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले. साठ होकार कुठून आले ते सलूनवाल्याला तिथल्या तिथे कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने वस्तरा मिटला आणि फळीवर ठेवला.

"काय रे, काय झालं?" वायरमनने विचारलं.

सलूनवाल्याने खुर्चीच फिरवली. बारा वर्षं दोघं आरशातून बोलत आले होते. या दुकानात पहिल्यांदाच ते समोरासमोर आले. वायरमनचा एक गाल साफ आणि दुसऱ्यावर फेस, असा तो अर्धी रंगवून सोडलेल्या भिंतीसारखा दिसत होता. सलूनवाला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. पाठ केलेलं सगळं आज बाजूला ठेवायचं, असं त्याने ठरवलं.

"धाकटी लेक गेली तेव्हा मी हे दुकान दोन महिने उघडलं नव्हतं. तू बघितलंयस. मी कुणाशी बोलत नव्हतो, जेवत नव्हतो. त्या दिवसांत येशू माझ्याजवळ होता. कसा, ते मला नीट सांगता येत नाही, पण मी एकटा नव्हतो. उद्या तूही आत एकटा जाऊ नयेस, एवढंच मला वाटतं. तुला ऐकायचंय का त्याच्याबद्दल? नसेल तर सरळ नाही म्हण. माझ्या मैत्रीसाठी हो म्हणू नकोस."

वायरमनच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता.

"नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या खुर्चीतून आलेला हा पहिलाच नकार, आणि तोही नेमका या माणसाकडून. अजून एकदा समजावून बघावं, हात जोडावेत, असं अगदी सलूनवाल्याच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं. विचारलं आपण, तेव्हा उत्तर ऐकून घ्यायलाच हवं.

"बरं," तो म्हणाला.

त्याने खुर्ची परत आरशाकडे वळवली, ब्रशने नव्याने फेस केला आणि वस्तरा उघडला. उरलेला गाल, मग गळा. आज तो एक अक्षरही बोलला नाही. मनातल्या मनात मात्र मित्रासाठी प्रार्थना चालू होती, आणि ती थांबवायची नाही हे त्याने पक्कं केलं होतं. कानाजवळचे दोन चुकार केस त्याने उडवले, तुरटी फिरवली, कोमट टॉवेलने चेहरा हलकेच टिपला. ऑपरेशनला जाणारा माणूस नीटनेटका दिसला पाहिजे.

वायरमन उठला. त्याने गळ्यावरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दारापाशी जाऊन थांबला.

"नाही म्हणून बघितलं मी," तो म्हणाला. "तुझा हात जराही जड झाला नाही. उद्या सहाला हॉस्पिटलमध्ये ये आणि मला पहिल्यापासून सांग."