ताईंच्या नावानं

बागेतल्या शंभर वर्षांच्या बुचाच्या झाडांखालून अनंतराव पहिल्यांदाच चालत होते. सगळा रस्ता पांढऱ्या फुलांनी भरला होता. त्यांची बायको, हेमलता, रोज सकाळी इथल्या हास्यक्लबात यायची. "खोटं हसायला कशाला उठायचं?" म्हणत ते कूस बदलायचे. गेल्या महिन्यात ती नागपूरला मुलीकडे राहायला गेली आणि तिथेच झोपेत वारली. क्लबाची शिट्टी तिच्याकडे असायची. ती परत द्यायची आणि बातमी सांगायची, एवढ्यासाठीच ते आले होते.

"तुम्ही हेमलताताईंचे मिस्टर ना?" गुलाबी टोपीतल्या बाईंनी शिट्टी ओळखली. "बरे आलात! ताई अजून मुलीकडेच का? आज वाढदिवस त्यांचा!"

अनंतराव चपापले. तारीख त्यांच्या लक्षातच नव्हती.

"अहो, ती..."

"नसू देत इथे! कुणाचा वाढदिवस चुकवायचा नाही, हा त्यांचाच नियम. चला मंडळी, ताईंच्या नावानं!"

सगळ्या म्हाताऱ्यांनी हात वर केले आणि झाडांवरचे पोपट उडतील असे ते गडगडाटी हसले. त्यांना थांबवणं अनंतरावांना जमेना. घरात तिच्या वाट्याला एवढं हसू कधी आलंच नव्हतं. त्यांनीही हात वर केले, तोंड उघडलं. डोळे वाहू लागले.

बाईंनी टाळी वाजवली. "ताई म्हणायच्या, आमचे हे काही हसायचे नाहीत. बघा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले! ताई आल्या की पहिलं हेच सांगते."